अळंबी, चिंतामणराव आणि मी सोडलेलं बायो

बरेच वीकएंड इथे काही लिहिणं झालं नाही. आधी रिलीज, मग रिलीजमधले बग, मग त्या बगांच्या दुरुस्तीतले बग... चालायचंच. गेल्या आठवड्यात मात्र दोन दिवस पेणला घरी होतो आणि रविवारी तिथून रोह्याला ताईकडे गेलो. निघताना आईने हुकूम सोडला, "बाजारातून अळंबी घेऊन जा. ताईला आवडते."

पावसाळ्यात पेणच्या बाजारात वाड्यांवरच्या ठाकर आणि कातकरी बायका पानांवर अळंबीचे वाटे मांडून बसतात. उशिरा उठणाऱ्याला फक्त रिकामी पानं दिसतात. या अळंबीबद्दल आमच्या आईचा एक जुना नियम आहे. आषाढ संपेपर्यंत चालते, श्रावण लागला की बंद. का, तर "ती धड भाजी नव्हे". लहानपणी मी यावरून तिच्याशी हुज्जत घालायचो, कारण मी शिकलो तेव्हा बुरशी आणि अळंबी वनस्पतींच्याच धड्यात असायची. पुस्तक माझ्या बाजूने होतं. आईवर काही परिणाम झाला नाही.

तर, रोह्याला पोचलो तेव्हा ताईच्या घरी वातावरण तंग होतं. भाची दहावी झाली, अकरावी सायन्सला नाव लागलं आणि आता विषय निवडायचा फॉर्म टेबलावर पडला होता. बायोलॉजी ठेवायचं की सोडून त्या जागी कम्प्युटर सायन्स घ्यायचं? भावोजींचं मत पक्कं होतं. "इंजिनीअरिंगलाच जायचंय ना, मग बेडूक कशाला पाठ करायचे? तूच सांग तिला." मी म्हणजे घरातला चालता-बोलता पुरावा. बायो सोडलं आणि पोटापाण्याला लागलं!

भाची माझ्याकडे वळली. "मामा, तू का सोडलंस?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला लाज वाटली. मी १९९३ साली बायो सोडलं ते इंजिनीअर व्हायचं होतं म्हणून, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं म्हणजे तो विषय मला संपलेला वाटला होता. सगळं शोधून झालंय, कुणीतरी याद्या केल्यात, आता आपण त्या पाठ करायच्या आणि आकृत्यांना नावं द्यायची. आमच्या वर्गात साठ पोरांमागे एक सूक्ष्मदर्शक होता. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी बघायची माझी पाळी आली तेव्हा मला त्यात स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग सगळ्यांसारखी पुस्तकातली आकृती वहीत उतरवली: विटांच्या भिंतीसारखे चौकोन आणि प्रत्येकात एक टिंब. दहापैकी आठ मार्क. पेशी न बघताच!

असो. भाचीला यातलं काही न सांगता मी विषय बदलला. रोह्यात विषय बदलायचा तर एक हुकमी माणूस आहे, चिंतामणराव देशमुख. त्यांच्या नावाचं कॉलेज इथे आहे आणि शाळेतल्या पोरांनी त्यांच्यावर भाषणं केलेली असतात. "सी. डी. देशमुख काय शिकले होते, सांग."

"इकॉनॉमिक्स," भाची ताबडतोब म्हणाली. "रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर."

दुसरं वाक्य बरोबर. पहिलं चूक. मलाही काही वर्षांपूर्वीपर्यंत तसंच वाटायचं. रोह्याच्या या माणसाची केंब्रिजची पदवी होती नॅचरल सायन्सेसची, विषय वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. आणि वनस्पतिशास्त्रात त्यांनी विद्यापीठाचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवलं होतं. रोह्यातलं त्यांच्या नावाचं कॉलेज मात्र कॉमर्सचं आहे :-)

थोडक्यात माहिती अशी. जन्म १४ जानेवारी १८९६, रायगड किल्ल्याजवळच्या नाते गावी. वडील वकील. बालपण रोह्यात. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आणि संस्कृतची पहिली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. मग केंब्रिजचं जीझस कॉलेज. १९१७ साली पदवी आणि पुढच्याच वर्षी आयसीएसच्या परीक्षेत पहिला नंबर. त्यापुढचं भाचीला पाठच होतं: १९४३ ला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, १९५२ ला आमच्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर, १९५० ते १९५६ अर्थमंत्री आणि मुंबईच्या प्रश्नावरून राजीनामा.

गंमत म्हणजे जवळपास त्याच वयाचा आणखी एक मुलगा तेव्हा आमच्या पेण तालुक्यातला होता. गागोदे गावचे विनोबा, चिंतामणरावांपेक्षा चारच महिन्यांनी मोठे. १९१६ साली ते इंटरची परीक्षा द्यायला मुंबईला निघाले, वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. त्याआधी सर्टिफिकिटं चुलीत घातली होतीच. म्हणजे एकाच जिल्ह्यातला एकजण परीक्षा सोडून देत होता आणि दुसरा प्रत्येक परीक्षेत पहिला येत होता. मी या दोघांच्या मधला. परीक्षा दिल्या, विषय सोडला.

पण मला नेहमी कुतूहल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. १९१७ साली वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्याला 'पेशी' म्हणून काय शिकायला मिळत असेल? आणि 'सजीव' नावाच्या पसाऱ्याचे कप्पे तेव्हा कसे होते?

तेव्हा केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते ए. सी. स्यूअर्ड, जीवाश्म वनस्पतींमधले मोठे नाव. त्यांच्या हाताखाली त्याच सुमाराला आपले बिरबल सहानी संशोधन करत होते. बाहेर पहिलं महायुद्ध चालू होतं. पेशीची माहिती तोवर तशी बरीच झाली होती. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात रिकाम्या खोल्या पाहिल्या आणि त्यांना नाव दिलं. १८३१ साली रॉबर्ट ब्राउनने ऑर्किडच्या पेशींत केंद्रक ओळखलं. १८३८-३९ ला श्लायडेन आणि श्वान म्हणाले की वनस्पती काय नि प्राणी काय, सगळे पेशींचेच बनलेले. १८५५ ला फिरखोने ठासून सांगितलं की पेशी पेशीपासूनच जन्मते. गुणसूत्रं दिसत होती, पेशी दुभंगताना तीही वाटली जातात हे फ्लेमिंगने १८८२ पर्यंत नीट दाखवलं होतं. आणि १९१५ साली मॉर्गन आणि त्याच्या विद्यार्थ्यांचं पुस्तक आलं, की आनुवंशिक गुण या गुणसूत्रांवरच ओळीने बसलेले असतात. विद्यार्थी देशमुखांच्या दृष्टीने ही दोन वर्षांपूर्वीची ताजी बातमी!

म्हणजे आमच्या पुस्तकातली ती चौकोन-टिंबाची आकृती १९१७ सालीही जवळजवळ तशीच काढली असती. पण त्या टिंबात काय आहे ते ठाऊक नव्हतं. गुणांचं वाहन प्रथिनं असणार, असाच पुढे बराच काळ समज होता. डीएनएची रचना सापडली १९५३ साली, त्याच केंब्रिजमध्ये. तेव्हा चिंतामणराव दिल्लीत देशाचं बजेट मांडत होते.

आता कप्प्यांचं बघा. लिनियसने १७३५ साली सजीवांचे दोन मोठे फोल्डर केले होते, वनस्पती आणि प्राणी. १९१७ पर्यंत नेहमीच्या पाठ्यपुस्तकांत हेच चालू होतं. हेकेलने १८६६ साली तिसरा फोल्डर काढला होता, प्रोटिस्टा, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मग जीवाणू कुठे ठेवायचे? हलत असले तरी त्यांना भित्तिका आहे, म्हणून वनस्पतीत. बुरशी, यीस्ट, अळंबी? जागची हलत नाहीत, जमिनीतून उगवतात, म्हणून वनस्पतीत. म्हणजे बक्षीस मिळवणाऱ्या त्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या पुस्तकात दह्यातले जीवाणू, ताडीतलं यीस्ट आणि पेणच्या बाजारातली अळंबी हे सगळं नारळ आणि भाताच्याच फोल्डरमध्ये होतं.

आपल्या धंद्यातल्यांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. सुरुवातीला कुणीतरी दोन डिरेक्टऱ्या करतं. कशातच न बसणारी फाइल आली की जवळची वाटेल तिथे टाकतात. वीस वर्षांनी कुणी विचारलं, "ही इथे का?" तर उत्तर येतं, "पहिल्यापासून तिथेच आहे."

आणि खुणा तर समोर होत्या. अळंबीच्या भित्तिकेत झाडांसारखं सेल्युलोज नसतं, कायटिन असतं. कायटिन म्हणजे कोलंबीच्या आणि चिंबोरीच्या कवचात असतं ते. फ्रेंच रसायनतज्ज्ञ ब्राकोनोने हे द्रव्य पहिल्यांदा वेगळं केलं ते अळंबीतूनच, आणि तेही १८११ साली! शिवाय अळंबी साठवणीला झाडांसारखा स्टार्च करत नाही, आपल्या यकृतात असतं तसं ग्लायकोजेन करते. स्वतःचं अन्न तयार करता येत नाही, दुसऱ्यावर जगते. भाजी म्हणावं असं तिच्यात फारसं काहीच नव्हतं. तरी व्हिटेकरने पाच सृष्टी मांडून कवकांना स्वतःचा फोल्डर द्यायला १९६९ साल उजाडलं.

पुढे डीएनए वाचता यायला लागलं आणि कोण कुणाच्या जवळचं हे दिसण्यावरून ठरवायची गरज उरली नाही. दोन फाइल्सचा डिफ काढावा तसा दोन जीवांच्या जनुकांचा काढायचा. फरक कमी तो जवळचा नातेवाईक. असे डिफ काढून १९९३ साली दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की कवकं ही वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहेत. म्हणजे अळंबीचं नातं कोथिंबिरीपेक्षा आपल्याशी जवळचं. १९९३. ज्या वर्षी मी बायो 'संपलेला विषय' म्हणून सोडलं, बरोबर त्याच वर्षी.

हे सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण ताई स्वयंपाकघरातून डोकावून गेली.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. १९१७ च्या विद्यार्थ्याला पेशीत हरितलवकं दिसत, तंतुकणिकाही दिसत. बेंडाने १८९८ साली त्यांना मायटोकाँड्रिया हे नाव दिलं होतं, पण त्या नेमकं काय करतात याचा पत्ता नव्हता. १९०५ साली मेरेझकोव्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने लिहिलं की हरितलवकं मुळात पेशीची नव्हेतच, एकेकाळी स्वतंत्र जगणारे ते जीव आहेत, दुसऱ्या पेशीत शिरले आणि तिथेच राहिले. लोकांनी कल्पनाविलास म्हणून सोडून दिलं. १९६७ साली लिन मार्ग्युलिसने हाच विचार पुराव्यानिशी पुन्हा मांडला. तिचा लेख डझनाहून जास्त नियतकालिकांनी परत पाठवला होता, असं तीच पुढे सांगायची. पण तोवर हरितलवकांत आणि तंतुकणिकांत स्वतःचं वेगळं डीएनए सापडलं होतं, आणि ते केंद्रकातल्यासारखं नव्हतं, जीवाणूंसारखं होतं. आज याबद्दल वाद उरलेला नाही. आपल्या सिस्टीममध्ये कुणीतरी बाहेरची लायब्ररी जोडावी, पुढे तिच्यावाचून सिस्टीम चालूच नये, आणि आत बघावं तर अजून मूळ लेखकाच्या कॉमेंट्स तशाच असाव्यात, तसं. आपण जेवतो, श्वास घेतो, त्यातून ताकद काढून देणाऱ्या तंतुकणिका म्हणजे फार जुने पाहुणे जीवाणू आहेत.

भाचीने विचारलं, "मग पाहुणे जीवाणू, तर यजमान कोण?"

झकास प्रश्न. याचं उत्तर द्यायला रोह्याहून उलटं पेणकडे यावं लागतं, खारेपाटात. पेणच्या खाडीकाठाला पूर्वीपासून मिठागरं होती. मिठागराच्या शेवटच्या कोंडीत मीठ धरायच्या आधी पाणी कधी कधी गुलाबी-तांबूस दिसतं. लोणचं ज्या मिठात टिकतं त्याहूनही खारट पाण्यात हे सूक्ष्मजीव मजेत राहतात. तो रंग त्यांचा. दुसरं उदाहरण गोबर गॅस. शेणाच्या टाकीत हवा पोचत नाही, तिथे मिथेन तयार करणारे जीव असतात. खाजणातल्या काळ्या चिखलातून बुडबुडे येतात, त्यातही यांचा हात असतो. सूक्ष्मदर्शकात हे सगळे दिसतात जीवाणूंसारखेच. केंद्रक नाही, एवढेसे. म्हणून त्यांना जीवाणूंच्याच फोल्डरात टाकलं होतं.

१९७७ साली अमेरिकेत कार्ल वूझने मिथेनवाल्यांचा डिफ काढला आणि तो चक्रावलाच. हे जीवाणू नव्हतेच. जीवाणूंपासून ते इतके दूर होते की त्यांच्यासाठी सजीवांची तिसरी मोठी शाखा करावी लागली. मीठवालेही त्याच शाखेतले निघाले. त्यांना आर्किया म्हणतात. १९९० साली वूझ आणि सहकाऱ्यांनी सगळ्या सजीवांची तीन अधिराज्यं मांडली: जीवाणू, आर्किया आणि केंद्रकवाले. तिसऱ्यात आपण, आंब्याचं झाड, जिताडा आणि अळंबी, सगळे एकत्र. लिनियसचे ते दोन मोठे फोल्डर आता तिसऱ्या फोल्डरच्या आतले दोन कोपरे झाले.

आणि यजमान? २०१५ साली समुद्रतळाच्या गाळात अशा आर्कियाचं डीएनए मिळालं की ज्यात केंद्रकवाल्या पेशींचीच वाटणारी कितीतरी जनुकं होती. २०२० साली जपानी शास्त्रज्ञांनी त्यांच्यातला एक जीव प्रयोगशाळेत वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. बारा वर्षं लागली होती. आज बहुतेकांचं मत असं की यजमान म्हणजे या आर्कियांचाच कुणी पूर्वज. गोबर गॅसच्या टाकीतल्यांचा लांबचा भाऊबंद म्हणायला हरकत नाही. यावर अजून भांडणं चालू आहेत, आणि माझ्या मते तीच यातली सगळ्यात चांगली बातमी आहे.

भावोजी इतका वेळ पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. "सगळं छान आहे. पण तुझ्या सी. डी. देशमुखांनी शेवटी बॉटनी सोडलीच ना? बक्षीस घेऊन सोडली. आयसीएस झाले."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरंच आहे. त्या काळी हुशार मुलापुढे आयसीएस म्हणजे आजची जेईई, कॅम्पस प्लेसमेंट आणि ग्रीन कार्ड सगळं एकात. पदवीनंतर वर्षभरात तेही त्या रांगेत उभे राहिले. रांगेत पहिले आले, हा भाग वेगळा. स्यूअर्डच्या विभागातून त्या वर्षांत दोन हुशार भारतीय बाहेर पडले. सहानी लखनौला गेले, दगडातली झाडं वाचत राहिले आणि जीवाश्म वनस्पतींची संस्था उभी केली. चिंतामणरावांनी फायली आणि बजेटं वाचली. देशाचं काही वाईट झालं नाही, उलट झाला तर फायदाच झाला. १९५६ नंतर विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष म्हणून देशातल्या विद्यापीठांची घडी बसवायला हाच माणूस होता. पण वनस्पतिशास्त्रातला एक बक्षीसपात्र माणूस गेला तो गेलाच. उरला तो बागकामाचा छंद. आणि मेघदूताचा त्यांनी मराठीत पद्यानुवाद केला, तो मेघही वाटेतल्या झाडाफुलांवरूनच जातो.

मग मी भाचीला जे सांगितलं ते असं. बायो सोड किंवा ठेव, दोन्हीनं पोट भरतं. चिंतामणरावांनी सोडलं ते त्यात काय आहे हे शिकून, बक्षीस मिळवून, मग सोडलं. मी सोडलं ते सूक्ष्मदर्शकात स्वतःच्या पापण्या बघून. सोडायचंच असेल तर निदान एकदा पेशी बघून सोड. आणि "सगळं शोधून झालंय" या कारणासाठी तर अजिबात सोडू नकोस, कारण माझं ते कारण त्याच वर्षी खोटं ठरत होतं आणि मला पत्ताही नव्हता.

तिने फॉर्म तेव्हा भरला नाही. "मंगळवारपर्यंत मुदत आहे," म्हणाली. भावोजींनी माझ्याकडे असं पाहिलं की यापुढे क्लासच्या फीचा विषय निघाला तर माझंच नाव निघणार. जेवायला अळंबीची भाजी आणि तांदळाची भाकरी होती. भाचीने एक तुकडा उचलून बराच वेळ उलटसुलट करून बघितला आणि मग खाल्ला.

संध्याकाळी परत पेणला आलो. आईला सगळं सांगितलं. चिंतामणराव, वूझ, कायटिन, डिफ, सगळं. ती कडधान्य निवडत ऐकत होती. शेवटी म्हटलं, म्हणजे बघ, अळंबी झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची.

आई म्हणाली, "मग मी काय सांगत होते इतकी वर्षं? म्हणूनच श्रावणात नको."